गुरुमुखी गाणे आणि कागदावरची चीज

‘आपले गाणे गुरुमुखी, त्याला कागद कशाला? स्वरलिपीचे खुले संग्रह ही पाश्चात्त्यांची गरज. आपल्याला गुरू आणि यूट्यूब पुरे.’ मीरा रोड-भाईंदरच्या गायनवर्गांत चांगल्या शिक्षकांच्या तोंडूनही हे मत ऐकू येते. ते मला मुळातच चुकीचे वाटते.

पूर्वपक्षात तथ्य आहे. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव कागदावर उतरत नाही. पण ते उतरते, असा दावा पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीही केला नव्हता. त्यांनी उस्तादांसमोर बसून, ऐकून, खानदानी चीजा लिहून घेतल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत हजाराहून अधिक बंदिशी मराठीतून छापल्या. ज्या घरात चीज होती तिथे शिरकाव नसलेल्या विद्यार्थ्यालाही ती मिळाली, ती या कागदामुळेच. गुरुमुखी परंपरेचा कैवार घेताना ही परंपरा किती जणांना दाराबाहेर ठेवत होती, हे विसरून चालणार नाही.

‘रेकॉर्डिंग आहे ना?’ हा दुसरा मुद्दा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. त्यात अंतरा उरकला जातो, शब्द अस्पष्ट राहतात. शिवाय ध्वनिमुद्रण एका गायकाची एक मैफल सांगते. स्वरलिपी चीजेचा सांगाडा सांगते. दोन्ही लागतात.

आता मुद्रित पानाचेच पाहा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. भैरवची बंदिश कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवली आणि रिषभ-धैवताखालच्या रेघा गळल्या, तर उरतात ते सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल थाट. भातखंड्यांकडे स्वरावरचे टिंब तार सप्तकाचे, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तेच मंद्राचे. परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या हाती झेरॉक्सची झेरॉक्स पडते आणि त्यात टिंबच पुसलेले असते. म्हणून मूळ आवृत्तीचे स्वच्छ स्कॅन, कोणती पद्धत हे नोंदवून, सर्वांना खुले हवे.

पाश्चात्त्यांनी असे खुले संग्रह कसे उभे केले? 1998 मध्ये समूहगायनाच्या स्वरलिपींसाठी सीपीडीएल हे संकेतस्थळ सुरू झाले. उत्तनच्या चर्चमधल्या गायनवृंदाला चार आवाजांचे जुने स्तोत्र हवे असेल तर ते तिथे विनामूल्य शोधता येते. 2006 मध्ये एडवर्ड गुओ या विद्यार्थ्याने आयएमएसएलपी हा स्वरलिपींचा खुला ऑनलाइन संग्रह काढला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेने कायदेशीर नोटीस धाडली. तेव्हा कॅनडात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर 50 वर्षे होता, युरोपात 70, हा वादाचा गाभा. संग्रह ऑक्टोबर 2007 मध्ये बंद पडला आणि जून 2008 मध्ये परत उघडला. ही माणसे भांडून टिकली.

‘खुला संग्रह म्हणजे चोरी’ असे म्हणणाऱ्यांनी आपला कायदाही तपासावा. भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. पलुस्कर 1931 मध्ये गेले, भातखंडे 1936 मध्ये. त्यांच्या मूळ पुस्तकांवरचा हक्क केव्हाच संपला आहे. नंतरचे अनुवाद आणि संपादने तेवढी वेगळी तपासावी लागतील. म्हणजे अडसर कायद्याचा नाही, आपल्या अनास्थेचा आहे. इंटरनेट आर्काइव्हवर काही भागांचे स्कॅन सापडतात, पण अख्खे पुस्तक उलटत बसावे लागते. राग, ताल, मुखडा यांवरून चीज सापडली पाहिजे. हे काम संगणकातला एक जाणकार आणि चीज ओळखणारे दोन शिक्षक मिळून सुरू करू शकतात.

घरात आजोबांच्या पेटीत क्रमिकचा जुना मराठी भाग असेल, तर तो रद्दीत देऊ नका. मुखपृष्ठ, आवृत्ती आणि साल दिसेल असा स्कॅन करा, पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवा आणि खुल्या संग्रहात टाका.