टूलबारची उंची: एका वजाबाकीचा इतिहास

१/ ब्राउझरच्या माथ्यावरची पत्त्याची पट्टी, बटणे आणि टॅब मिळून किती उंची व्यापतात? प्रश्न फूटपट्टीने सुटण्याइतका सोपा वाटतो. पण संकेतस्थळाने तोच प्रश्न जावास्क्रिप्टमधून विचारला, तर थेट उत्तर देणारा गुणधर्म आजही उपलब्ध नाही. याचे कारण एका जुन्या वादात दडले आहे. पडद्यावरची खिडकी नेमकी कोणाची: पानाची, ब्राउझरची की वाचकाची?

२/ मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला जावास्क्रिप्ट हे नाव मिळाले. नवी खिडकी उघडताना तिला टूलबार असावा की नसावा, हे ठरवण्याची मुभा पानाला तेव्हापासूनच होती. वादाचे बीज येथेच पडले.

३/ १९९७ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर ४ आला आणि त्यासोबत दोन गुणधर्म आले. ‘आउटरहाइट’ म्हणजे संपूर्ण खिडकीची उंची. ‘इनरहाइट’ म्हणजे पानाला मिळालेल्या जागेची उंची. समजा, पहिली ८०० पिक्सेल आणि दुसरी ६८० पिक्सेल असेल, तर उरलेले १२० पिक्सेल ब्राउझरच्या चौकटीचे. मात्र त्या १२० मध्ये शीर्षकपट्टी, खालची स्थितिपट्टी आणि कडाही मिसळलेल्या असत. टूलबारचा वाटा वेगळा काढता येत नसे.

४/ प्रतिस्पर्धी इंटरनेट एक्सप्लोररने हे दोन्ही गुणधर्म थेट २०११ मधील नवव्या आवृत्तीपर्यंत दिलेच नाहीत. तेथे पानाची उंची ‘क्लायंटहाइट’मधून मिळे, बाहेरची उंची मात्र अज्ञातच राही. त्यावर विकासकांनी एक युक्ती शोधली. खिडकीला आधी ठरावीक मापाची करायची, समजा ५०० पिक्सेल उंच, मग आतली जागा मोजायची आणि वजाबाकी करायची. उत्तर मिळे, पण वाचकाच्या डोळ्यांदेखत खिडकी दचकल्यासारखी आक्रसे.

५/ एवढा खटाटोप कशासाठी? बहुतेकांचा हेतू साधा होता: छायाचित्र नेमके मावेल अशी छोटी खिडकी उघडणे. परंतु याच ज्ञानाला दुसरी, काळी बाजूही होती. चौकट नसलेली खिडकी खऱ्या पत्त्याच्या पट्टीवर अचूक बसवली आणि तीत बँकेचा खोटा पत्ता रंगवला, तर ग्राहक फसणार हे उघड होते. त्यासाठी टूलबार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच ठाऊक असणे पुरेसे होते.

६/ म्हणून ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने अशा खिडक्यांवर निर्बंध आणले. २००६ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ७ ने तर प्रत्येक खिडकीत पत्त्याची पट्टी दाखवणे सक्तीचे केले. चौकट ही वाचकाची सुरक्षाभिंत आहे आणि पानाने तिला हात लावू नये, हे तत्त्व हळूहळू रुजू लागले.

७/ २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानक संस्थेने ‘सीएसएसओएम व्ह्यू’ या विनिर्देशाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. नेटस्केपच्या त्या दोन गुणधर्मांना त्यातून औपचारिक स्थान मिळाले. टूलबारच्या उंचीला मात्र मिळाले नाही. पट्टी दिसते की नाही, एवढाच प्रश्न विचारण्याची सोय मानकांत राहिली.

८/ वजाबाकीही विश्वासार्ह उरली नाही. वाचकाने पान मोठे करून पाहिले की ‘इनरहाइट’चा आकडा घटतो, ‘आउटरहाइट’ मात्र क्रोमसारख्या ब्राउझरांत तसाच राहतो. खाली विकासक-साधनांचा कप्पा उघडला, तरी आतली जागा कमी होते. टूलबार तसूभरही हललेला नसतो. तरी गणित तो वाढल्याचे सांगते.

९/ २००७ मध्ये आयफोन आला आणि प्रश्नाचे रूप पालटले. लहान पडद्यावर प्रत्येक पिक्सेल मोलाचा. पत्त्याची पट्टी नजरेआड व्हावी म्हणून विकासक पान एका पिक्सेलने खाली सरकवत. २०१३ मध्ये आयओएस ७ मधील सफारीची पट्टी पान सरकवताच आपोआप आक्रसू लागली. आता उंची ही स्थिर संख्याच राहिली नाही. ‘१००व्हीएच’, म्हणजे पूर्ण उंची, असे लिहून आखलेल्या पानांची तळाची बटणे पट्टीमागे दडू लागली.

१०/ यावर उतारा २०२२ मध्ये मिळाला. सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिघांनीही त्या वर्षी तीन नवी एकके स्वीकारली: पट्टी पूर्ण दिसत असतानाची लहान उंची, ती आक्रसल्यावरची मोठी उंची आणि क्षणोक्षणी बदलणारी चालू उंची. पानाला आता टूलबार मोजावा लागत नाही. आपल्याला उरलेली जागा तेवढी विचारावी लागते. गंमत अशी, की मोठ्या उंचीतून लहान उंची वजा केली, तर पट्टीचा आक्रसणारा भाग नेमका हाती येतो.

११/ दरम्यान आणखी एक धोका ध्यानात आला होता. खिडकीची मापे आणि चौकटीची उंची यंत्रागणिक वेगळी असते. इतर खुणांशी जोडली की त्यांवरून व्यक्तीचा माग काढता येतो. म्हणून टॉर ब्राउझरने २०१९ मध्ये पानाभोवती रिकामी किनार सोडून मापे ठरावीक टप्प्यांत बसवली. फायरफॉक्सची अशीच संरक्षण-व्यवस्था सुरू केली, तर ती आतली आणि बाहेरची उंची एकच सांगते.

१२/ म्हणजे १९९७ ची तीच वजाबाकी तेथे आजही करता येते; उत्तर मात्र शून्य येते. टूलबार वाचकासमोर ठळक असतो, पण पानाच्या लेखी तो नसतोच. खिडकी कोणाची, या प्रश्नाचा निकाल या शून्यात वाचकाच्या बाजूने लागला आहे.