कीटक पाळण्याचा खेळ आणि रेशमाची बॅच

संगणकाच्या पडद्यावर शेती करणे, मासे पकडणे, गाव वसवणे हे खेळ आता सर्वपरिचित आहेत. त्याच जातकुळीतला, परंतु काहीसा दुर्लक्षित राहिलेला प्रकार म्हणजे कीटक पाळण्याचे खेळ. मे २०२२ मध्ये आलेला ‘अ‍ॅपिको’ हा त्याचा अलीकडचा ठळक नमुना. ‘टीएनजिनिअर्स’ या छोट्या स्वतंत्र चमूने तो तयार केला. बेटांवर राहणारा खेळाडू रानातून मधमाश्या आणतो, त्यांच्या जातींचा संकर घडवतो आणि मध काढून विकतो. एखाद्या जातीचे आयुष्य किती, ती दिवसा काम करते की रात्री, तिची प्रजननक्षमता कशी, हे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात ते खेळता खेळता समजत जाते. घड्याळाची घाई नाही, हरण्याची धास्ती नाही. खेळाच्या विक्रीतील काही वाटा मधमाश्यांच्या संवर्धनासाठीही देण्यात आला.

या प्रकाराची परंपरा तशी जुनी आहे. अमेरिकेच्या ‘मॅक्सिस’ कंपनीने १९९१ मध्ये ‘सिमअँट’ हा मुंग्यांच्या वारुळाचा खेळ आणला. विल राइट यांनी रचलेल्या या खेळामागे बर्ट होल्डोब्लर आणि ई. ओ. विल्सन या शास्त्रज्ञांच्या १९९० सालच्या ‘द अँट्स’ या ग्रंथाची प्रेरणा होती. १९९६ मध्ये जपानमध्ये अवतरलेल्या ‘पोकेमॉन’चे मूळही किड्यांतच सापडते. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढले, शेतेतळी बुजली आणि हरवलेला तो छंद त्यांनी पडद्यावर आणला.

पडद्यावर विरंगुळा ठरलेले हे काम मराठवाड्यात मात्र पोटापाण्याचे साधन आहे. केज तालुक्यातील नांदूरघाट ज्या बीड जिल्ह्यात येते, त्याची ओळख अवर्षण आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर अशीच करून दिली जाते. हाच जिल्हा राज्यात रेशीम कोषांच्या उत्पादनात आघाडीवर आहे, ही गोष्ट शहरी वाचकांना फारशी ठाऊक नसते. तुती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षे पाला देते आणि उसाच्या मानाने तिला पाणी पुष्कळ कमी लागते. शिवाय वर्षात चार-पाच वेळा पैसा हाती येतो. वर्षातून एकदाच पीक पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

रेशीम कीटकाचे अळीपण साधारण २४ ते २८ दिवसांचे असते. या काळात अळी चार वेळा कात टाकते. पहिल्या दोन अवस्थांत ती फार नाजूक असल्याने चॉकी केंद्रात वाढवली जाते. शेतकऱ्याच्या शेडमध्ये अळ्या येतात त्या त्यानंतर. शंभर अंडीपुंजांची बॅच म्हणजे सुमारे ४० ते ५० हजार जीव. शेडचे तापमान २४ ते २८ अंशांच्या आसपास राखायचे आणि हवेत दमटपणाही टिकवायचा. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये हे साधणे म्हणजे पत्र्यावर पाचट टाकणे, गोणपाट भिजवणे आणि तरीही आभाळाकडे पाहत बसणे. अळी कात टाकत असताना खाणे बंद ठेवावे लागते. बहुतेक सगळ्या अळ्या जाग्या होईपर्यंत फांद्या टाकायच्या नाहीत. घाई केली तर काही पुढे जातात, काही मागे राहतात आणि पुढे कोष एकसारखे मिळत नाहीत.

खरी कसोटी पाचव्या अवस्थेत लागते. संपूर्ण आयुष्यात अळी जेवढा पाला खाते, त्यातला ८० टक्क्यांहून अधिक ती या शेवटच्या सात-आठ दिवसांत फस्त करते. अंड्यातून निघालेल्या अळीचे वजन या टप्प्यापर्यंत सुमारे दहा हजार पटींनी वाढलेले असते. रात्री शेडमध्ये उभे राहिले तर पाला कुरतडण्याचा आवाज पावसाच्या सरीसारखा ऐकू येतो. या आठवड्यात घरातले लग्नकार्य असो की दुखणे, तुतीच्या फांद्या वेळेवर पोहोचल्याच पाहिजेत. हे काम मुख्यत्वे घरातल्या स्त्रियांच्या अंगावर पडते, हेही नमूद करायला हवे.

त्यातच रोग येतात. ग्रासरी, फ्लॅचरी, मस्कार्डिन ही नावे इथल्या शेतकऱ्यांना पाठ असतात. पेब्रीन सर्वांत भयंकर, कारण तो मादीकडून अंड्यात उतरतो. या रोगाने फ्रान्सचा रेशीम उद्योग बुडत असताना १८६५ मध्ये लुई पाश्चर यांना पाचारण करण्यात आले. अंडी घातलेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची आणि ती रोगी निघाल्यास तिची अंडी नष्ट करायची, हा त्यांनी घालून दिलेला मार्ग. आजही अंडीपुंज निर्मितीचा पाया तोच आहे. शेजारच्या शेताचा धोका याहून निराळा. कपाशीवर फवारलेले कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर आले आणि तो पाला अळ्यांनी खाल्ला, तर सगळी बॅच हातची जाते. कीड मारण्यासाठी एकाने केलेला खर्च कीड जगवणाऱ्या दुसऱ्याच्या मुळावर येतो!

अळी चंद्रिकेवर चढली की दोन-तीन दिवसांत कोष पूर्ण होतो. त्यातला अखंड धागा चांगल्या दुबार संकरात हजार मीटरच्या घरात जातो. कोष उतरवल्यानंतर मात्र हातात मोजकेच दिवस उरतात, कारण आतला पतंग कोष फोडून बाहेर आला तर धागा तुटतो आणि मालाची किंमत घसरते. म्हणूनच बाजारपेठेचे अंतर हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा. अनेक वर्षे इथले शेतकरी कोषांची पोती घेऊन शेकडो किलोमीटरवरच्या कर्नाटकातील रामनगर गाठत. तिथे भाव पडला तरी माल परत आणणे शक्य नसे, मिळेल त्या दराने विकावा लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाली, पुढे बीडच्या बाजार समितीतही खरेदी होऊ लागली. त्यामुळे सकाळी निघालेला शेतकरी माल विकून त्याच दिवशी घरी परतू शकतो. भाव चीनमधून येणाऱ्या रेशमावर आणि देशातल्या मागणीवर हेलकावतो, तो भाग वेगळा.

कोष विकून आल्यावर शेड रिकामे होते, पण फार दिवस तसे राहत नाही. रॅक धुऊन, ब्लीचिंग पावडर आणि चुना मारून ते निर्जंतुक केले जाते. तोवर पुढच्या बॅचची नोंदणी चॉकी केंद्रात झालेली असते.