तापी, नाईल आणि चार वर्षांची चांदी

शिंदखेड्यात कापूस पाहतच मी लहानाचा मोठा झालो. पण या कापसाचे भाऊबंद नाईलच्या काठी आहेत, हे फार उशिरा कळले.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मिसर व हिंदुस्थान, दोन्हींकडे हात पसरला. 1880 च्या गॅझेटियरात आमचा तालुका ‘विरदेल’ या नावाने येतो. नव्या रेल्वेचे रूळ भुसावळच्या बाजूला, आमच्यापासून दूर. तरी भाव मात्र पोहोचला. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. मला त्या अर्ध्याच खऱ्या वाटतात. बियाण्याला आणि पोटाला उचल सावकाराची, तेव्हा चांदीही बरीचशी त्याच्याच घरी गेली असणार.

मिसरमध्ये इस्माईल गादीवर आला तो याच तेजीत, 1863 साली. कालवे, रेल्वे, राजवाडे यांसाठी त्याने युरोपातून कर्जे उचलली. कापसाच्या जोरावर ती फिटतील, असाच हिशेब होता.

1865 मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळला. मुंबईत बॅकबेच्या शेअरची रद्दी झाली, 1868 मध्ये बँक ऑफ बॉम्बे बुडाली. मिसरने 1876 मध्ये देणी थांबवली; सहा वर्षांत इंग्रज फौज कैरोत शिरली. खानदेशात फौज आधीच होती. इथे वसुलीला सावकाराची वही आणि दिवाणी कोर्ट पुरेसे होते.

तापी व्हॅली रेल्वे शिंदखेड्यावरून धावू लागली ती 1900 च्या सुमारास, तेजी ओसरून पस्तीसेक वर्षे झाल्यावर.