दोन आडनावांचा गुन्हा

जानेवारी 2025 मध्ये पंकजा मुंडे जालन्याच्या पालकमंत्री झाल्या. त्यांचे सासरचे आडनाव पालवे. 2009 मध्ये त्या परळीतून पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा वर्तमानपत्रे कधी ‘पंकजा पालवे’, तर कधी ‘मुंडे-पालवे’ छापत. पुढे पालवे गळाले, मुंडे राहिले. त्यावरून जिल्ह्यात कोणाचे काही अडल्याचे ऐकिवात नाही. पण याच जालन्यात एखादी डॉक्टर घरी नवऱ्याचे आडनाव लावते आणि दवाखान्याच्या पाटीवर माहेरचे ठेवते, तेव्हा पंगतीत हटकून एक मत ऐकू येते. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावणे ही आपली पूर्वापार रीत. ती घरात पाळायची आणि बाजारात मोडायची हा दुटप्पीपणा. शिवाय एका माणसाची दोन नावे झाली की व्यवहारात घोटाळा ठरलेलाच. हे बोलणारे पुष्कळदा स्वतःच्या लेकीला शेत विकून शिकवलेले बाप असतात. म्हणून त्यांना चेष्टेने वाटेला लावणे बरे नाही.

‘पूर्वापार’ हा दावा कागदाला लावून पाहू. 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला आणि पुढची चार वर्षे त्याने हिंदुस्थान आणि विलायत दोन्हीकडची वर्तमानपत्रे व्यापली. बालपणी लग्न लावून दिलेल्या मुलीने सज्ञान झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला नकार दिला होता. खटल्याचे नाव ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’. वादीचे आडनाव नाही, प्रतिवादीचेही नाही. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. तिथेही स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, एवढेच. त्या काळच्या शिकल्यासवरल्या मुंबईकरांची ही स्थिती. पुढे रखमाबाई लंडनला वैद्यक शिकल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले, ते डॉक्टर रखमाबाई या नावाने. ज्या काळात पुरुषालाही न्यायालयात आडनाव लागत नव्हते, त्या काळात बायकोने नवऱ्याचे आडनाव लावण्याची रीत पक्की झाली होती, असे म्हणणे धाडसाचे आहे.

त्याच्याही मागे गेलो तर उलटेच चित्र दिसते. शिवाजी महाराजांच्या राण्या इतिहासाला सईबाई निंबाळकर, सोयराबाई मोहिते, पुतळाबाई पालकर अशा ठाऊक आहेत. भोसल्यांच्या घरी आल्या म्हणून त्यांची माहेरची कुळे पुसली गेली नाहीत. सोयरिकीचे वजनच त्या कुळात होते. जालन्याच्या शेजारी सिंदखेडराजा आहे. तिथे जिजाऊंची पहिली ओळख आजही लखुजी जाधवांची लेक हीच. यावर कोणी अहिल्याबाई होळकरांचे नाव घेईल. चौंडीच्या शिंद्यांची ही मुलगी होळकर म्हणूनच अमर झाली, हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. एकच एक रीत कधी नव्हती, एवढेच माझे म्हणणे. घर, हुद्दा आणि प्रसंग पाहून बाईची ओळख ठरे.

मराठवाड्याच्या जमिनीच्या कागदांत तर तिसरीच तऱ्हा दिसते. पुरुषाच्या नावापुढे ‘पि.’ म्हणजे पिता, बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, आणि मग त्या त्या माणसाचे नाव. आडनाव असलेच तर शेवटी. बाई कोणाच्या आधाराने उभी आहे हे तिथे नोंदवलेले असे. आजच्या ‘सौ. अमुक तमुक’ या छापील रूपाला ती परंपरा म्हणता येणार नाही.

परंपरेच्या कैवाऱ्यांना मला आणखी एक विचारायचे आहे. नव्या सुनेचे आडनावच कशाला, पहिले नावही बदलत असे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यावर नवे नाव लिही. यमुना कुर्लेकर 1873 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमाबाई झाली. कल्याणची यमुना गोपाळराव जोशांशी लग्न होऊन आनंदी झाली आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून एम. डी. झाली, ती त्याच नावाने. हा संस्कार आपल्या आज्यांनी पाळला, आयांनी अर्धामुर्धा पाळला; आता ते ताट समोर आले तरी बहुतेक घरांत हसत हसत जुनेच नाव गिरवले जाते. त्यामुळे कोणाचा संसार मोडला नाही. रिवाजाचा मोठा तुकडा आपण बिनबोभाट सोडून दिला आणि धाकट्याला धर्म म्हणून कवटाळून बसलो! कायद्याचीही त्याला साथ नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बायकोच्या आडनावाबद्दल अवाक्षर नाही.

आता दुटप्पीपणा. हा आरोप करणाऱ्यांच्या घरात सकाळी रेडिओवर आशा भोसले लागतात. भोसले हे त्यांच्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव. ते लग्न 1960 च्या सुमारास संपले, 1980 मध्ये त्यांनी राहुल देव बर्मन यांच्याशी लग्न केले, आणि तबकडीवर नाव राहिले ते भोसलेच. दुर्गा खोटे माहेरच्या लाड. पती गेल्यावर त्यांनी दुसरे लग्न रशीद यांच्याशी केले, पण 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’पासून प्रेक्षकांना ठाऊक असलेले आडनाव सोडले नाही, आत्मचरित्राचे नावच ‘मी, दुर्गा खोटे’. या दोघींच्या उदाहरणात एक गंमत आहे, ती दोन्ही पक्षांनी पाहावी. इथे कामाचे नाव माहेरचे नाहीच, ते आधीच्या सासरचे आहे. म्हणजे हा माहेर विरुद्ध सासर असा सामनाच नव्हे. ज्या नावाखाली काम उभे राहिले, ते नाव त्या कामाचे झाले. ते कोणत्या घरातून आले हा प्रश्न ऐकणाऱ्याने, रुग्णाने, अशिलाने विचारण्याचे कारण नाही. पुरुषांना आपण तो विचारतही नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे नारायण सूर्याजी ठोसर जगाला रामदास म्हणून माहीत आहेत, आणि शिरवाडकरांनी कुसुमाग्रज म्हणून कविता छापल्या तेव्हा कोणी त्यांना दुटप्पी म्हटले नाही.

दुसऱ्या टोकाचाही एक आक्षेप आहे: घरात सासरचे नाव घेणारी बाई भित्री, पाटी म्हणजे तिची पळवाट. जोडआडनावालाही असेच टोमणे बसतात. माणसाला घरात एक नाते आणि कामात दुसरे असते, एवढी साधी गोष्ट ज्यांना बंड किंवा शरणागती यांपैकी एकातच बसवायची आहे, त्यांच्याशी फार वाद घालण्यात अर्थ नाही.

घोटाळ्याच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. पण त्याचा दोष बाईच्या माथी मारणे चूक. जालना जिल्हाच 1 मे 1981 रोजी झाला. त्याआधी या शहरात जन्मलेल्यांच्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद आहे, आणि आता त्या औरंगाबादचेही नाव बदलले आहे. 1994 पूर्वी पदवी घेतलेल्यांच्या प्रमाणपत्रावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ एवढेच छापलेले आहे. बाबासाहेबांचे नाव नामांतरानंतर आले. या जुन्या कागदांवर कोणी खोटेपणाचा शिक्का मारत नाही. जिल्ह्याला आणि विद्यापीठाला कार्यालये जो समजूतदारपणा दाखवतात, तो बाईच्या वाट्याला आला की आटतो. तिला विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात मागितली जाते. आधारमध्ये नाव बदलण्याची संधी साधारणपणे आयुष्यात दोनदाच. एक लग्नात गेली, दुसरी घटस्फोटात. पुन्हा लग्न करणारीने काय करावे?

निव्वळ पाटीवरच्या नावाने सगळे भागत नाही, हे जपानकडे पाहून कळते. तिथे नागरी संहितेच्या कलम 750 प्रमाणे पतिपत्नीने एकच आडनाव घेतले पाहिजे, आणि शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत बदलते ती बायको. नोकरीत जुने नाव वापरायची मुभा बहुतेक कंपन्या देतात. तरीही 2024 मध्ये केइदानरेन या उद्योगपतींच्या संघटनेने सरकारला सांगितले की हे पुरेसे नाही. पासपोर्ट एका नावाचा आणि करारावरची सही दुसऱ्या नावाची, यामुळे परदेशात कामे अडतात. उद्योगपतींना स्त्रीमुक्तीचा उमाळा आला असेल असे वाटत नाही. त्यांचे नुकसान होत होते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, तेव्हा पदवी, वैद्यक परिषदेची नोंदणी आणि बँकखाते यांतले नाव मुळात बदलूच नये, हा माझा सरळ सल्ला. घरच्या पत्रिकेवर काय छापायचे ते घरच्यांनी ठरवावे.

या वादात डॉक्टर, वकील आणि लेखिका यांच्याखेरीज कोणी येतच नाही, हे मला खटकते. जालना जिल्ह्यात ज्या व्यवसायात सर्वांत जास्त बाया राबतात तो शेतीचा, आणि त्या व्यवसायाची पाटी म्हणजे सातबारा. 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. बाप गेल्यावर वारस नोंदीची वेळ येते तेव्हा लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव असते, आधारवर दुसरे. ही तीच, हे सिद्ध करायला तिला सासरहून तहसिलापर्यंत हेलपाटे घालावे लागतात. भावांच्या नावात काही बदललेले नसते. त्यापेक्षा हक्कसोडपत्रावर अंगठा देणे सोपे. नाव बदलणे हे हक्क सोडण्याचे एकमेव कारण नक्कीच नव्हे. भावाचा आणि माहेरच्या उंबरठ्याचा लोभ मोठा असतो. पण वाट सोपी करून देणारे कारण ते आहेच.

11 मार्च 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने, 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय घेतला, त्याचा गाजावाजा झाला. विवाहितेच्या नावाची रचना त्याच निर्णयात पूर्वीसारखीच ठेवली आहे: तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. मात्र त्याच्या जोडीला मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभाही दिली आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाटीवरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे कलम अंबड-परतूरच्या तलाठ्यापर्यंत आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या लेकीपर्यंत पोचवावे. तिथे दोन्ही नावे एकाखाली एक लिहिली गेली, तर घोटाळा वाढणार नाही, घटेल.