फेसलेली मोहरी आणि रश्श्यातले अंडे : ड्युसेलडॉर्फच्या घरगुती स्वयंपाकाचा इतिहास

ऱ्हाइन नदीला ड्युसेल नावाची लहानशी नदी जिथे मिळते तिथे वसलेल्या आणि १२८८ मध्ये नगराचा दर्जा मिळालेल्या ड्युसेलडॉर्फ शहराचा खाद्येतिहास पाहू गेल्यास कागदोपत्री पुरावा मुबलक सापडतो तो मोहरीचा. येथील मोहरीचा कारखाना १७२६ मध्ये सुरू झाला आणि जर्मनीतील या धंद्याचा तो आरंभ मानला जातो. पुढे आडाम बेर्नहार्ड बेर्गरात या मालकाच्या नावाच्या तीन आद्याक्षरांनी तेथील मोहरी ओळखली जाऊ लागली, करड्या भाजक्या मातीच्या छोट्या बरणीतून ती विकली गेली आणि ऱ्हाइनकाठच्या बोलीतील ‘मोस्टर्ट’ हे तिचे नाव आजतागायत टिकून आहे. मेट्झ शहरात १९०३ मध्ये ओटो फ्रेन्झेल यांनी काढलेला ‘ल्योवेनझेन्फ’ हा कारखाना, पहिल्या महायुद्धानंतर लोरेन प्रांत फ्रान्सकडे गेल्यामुळे, १९२० मध्ये ड्युसेलडॉर्फला आला आणि जुन्या मोस्टर्टच्या जोडीला फ्रेंच वळणाची अधिक जहाल मोहरी शहरात तयार होऊ लागली. युरोपीय संघाने ड्युसेलडॉर्फच्या मोस्टर्टला भौगोलिक नावाचे संरक्षणही दिले आहे. याच मोहरीचा रस्सा करून त्यात उकडलेली अंडी घालण्याची जी घरगुती रीत आहे, तिला मात्र संस्थापक नाही, सनावळी नाही आणि संरक्षित नावही नाही, कारण ती कारखान्यात घडली नाही. आठवड्याचा हिशेब सांभाळणाऱ्या बायकांच्या हाताखाली ती घडली, आणि अशा हातांची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही दप्तराला वाटली नाही.

या पदार्थाला जर्मन भाषेत ‘झेन्फआयर’, म्हणजे मोहरीतली अंडी, असे म्हणतात. तो एकट्या ड्युसेलडॉर्फचा नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. उत्तर आणि पूर्व जर्मनीत त्याची मुळे अधिक खोल आहेत, आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीत शाळांच्या व कारखान्यांच्या भोजनगृहांत तो इतका नेमाने शिजत असे की दोन पिढ्यांच्या बालपणाशी त्याची चव जोडली गेली. तरीही त्याचा विचार ड्युसेलडॉर्फपासून सुरू करणे सयुक्तिक ठरते, कारण रश्श्यात अंडे कसे जाते, हे ठरवण्यात मोहरीच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे आणि तो स्वभाव या शहराइतका बारकाईने क्वचितच कुणी जोपासला असेल.

मराठी स्वयंपाकघराला हा स्वभाव ठाऊक आहे. तापलेल्या तेलात तडतडलेली मोहरी फोडणीला खमंगपणा देते, पण नाकात चढत नाही. तीच मोहरी वाटून, पाण्यात फेसून लोणच्यात किंवा रायत्यात घातली की डोळ्यांत पाणी आणते. याचे कारण असे की मोहरीच्या दाण्यात झणका तयार स्थितीत नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले की त्यातील मायरोसिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, सिनिग्रिन या द्रव्यावर काम करते आणि त्यातून उडून जाणारे तिखट तेल निर्माण होते. कढत तेलात ते विकरच निकामी होते, त्यामुळे झणका जन्मालाच येत नाही. ड्युसेलडॉर्फची मोहरी म्हणजे पिवळे आणि तपकिरी दाणे पाणी व व्हिनेगर घालून ओले दळण्याची, अर्थात फेसण्याचीच, कारखान्यात नेलेली कला आहे. व्हिनेगरमधील आम्ल तो झणका टिकवून धरते, परंतु रस्सा उकळला की तो वाफेबरोबर निघून जातो. म्हणूनच मोहरीचा रस्सा करताना लोण्यात मैदा परतून, त्यात दूध किंवा मांसाचे अथवा भाज्यांचे पाणी हळूहळू मिसळून तो दाट करतात आणि भांडे विस्तवावरून उतरवल्यावरच मोहरी घालतात. वर चिमूटभर साखर, मग सोललेली उकडलेली अंडी, आणि ताटात उकडलेले बटाटे. लोण्यात परतलेल्या मैद्याला जर्मनीत ‘मेलश्वित्से’ म्हणतात आणि तेथील घरगुती रश्श्यांचा मोठा भाग त्याच्यावर उभा आहे.

आता अंडे कच्चेच रश्श्यात फोडायचे झाले, तर रस्सा कमीत कमी मंद कढता हवा, आणि त्या कढाने मोहरीचे सारे सत्त्व जाते. जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनीत आणि एकेकाळच्या जर्मन सायलेशियात, अंडी खरोखरच कच्ची फोडून रश्श्यात सोडली जात, पण तिथला रस्सा मोहरीचा नव्हे, व्हिनेगर-साखरेचा, बहुधा डुकराच्या खारवलेल्या चरबीच्या तुकड्यांचा आणि कांद्याचा असे; त्याला ‘झावरे आयर’, म्हणजे आंबट अंडी, असे नाव आहे. आम्लामुळे अंड्यातील पांढरे लवकर गोठते आणि पिवळ्याभोवती नीट आवळून बसते, त्यामुळे आंबट रश्श्यात कच्चे अंडे सोडणे सोयीचेच होते. अशी पाण्यात वा रश्श्यात सोडलेली अंडी सर्वसाधारणपणे ‘फर्लोरेने आयर’, हरवलेली अंडी, या नावाने ओळखली जातात. उकडून घातलेले अंडे मोहरीच्या बाजूला आणि फोडून सोडलेले अंडे व्हिनेगरच्या बाजूला गेले, ते प्रांताभिमानामुळे नव्हे. त्यामागे पदार्थविज्ञान होते, आणि प्रांताभिमान त्याला नंतर येऊन चिकटला, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. अर्थात घरोघरीची सरमिसळ इतकी आहे की याला नियम म्हणणे धाडसाचे होईल. मोहरीच्या रश्श्यात अंडी सोडणारी घरेही आहेतच.

दुसरे कारण अंड्याच्या ताजेपणाचे. ताज्या अंड्याचे पांढरे घट्ट असते. अंडे शिळे होत जाते तसे ते पातळ होते आणि रश्श्यात सोडल्यावर धाग्याधाग्यांनी पसरते. ज्या घराच्या मागे कोंबड्या होत्या, त्या घराला अंडे फोडून सोडणे परवडले. जे घर बाजारातून अंडी आणत होते, त्याला ती उकडणे भरवशाचे वाटले. शिवाय विजेचे दिवे आणि बंदिस्त कुक्कुटपालन येण्यापूर्वी कोंबड्या वसंतात भरभरून आणि हिवाळ्यात क्वचित अंडी देत, म्हणून वसंतातील अंडी चुन्याच्या निवळीत किंवा ‘वॉटर ग्लास’ म्हणजे सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून हिवाळ्यासाठी ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे अंड्याच्या कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजत. अशी अंडी उकडताना तडकू नयेत म्हणून त्यांना आधी सुईने टोचावे लागे. एकोणिसाव्या शतकात ड्युसेलडॉर्फ हे सरदार-दरबाराच्या आठवणींवर जगणारे गाव राहिले नाही. लोखंड, नळ्या आणि यंत्रे यांच्या कारखान्यांमुळे १८८२ मध्ये त्याची वस्ती एक लाखावर गेली आणि १९०० पर्यंत दोन लाखांच्या पुढे पोहोचली, म्हणजे बाजारातून अंडी आणणाऱ्या घरांची संख्या याच काळात झपाट्याने वाढली.

अंडे रश्श्यात येण्यामागे आणखी एक जुने बळ आहे, ते उपवासाचे. ऱ्हाइनकाठचा हा प्रदेश बहुसंख्य कॅथलिक होता. शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मध्ययुगात मांसाबरोबर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असत. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीच्या लोकांना उपवासात लोणी खाण्याची सवलत पत्राने दिली, यावरून हा निर्बंध किती जाचक होता हे कळते. उपवासाच्या काळात कोंबड्या मात्र थांबत नसत. साठलेली अंडी उकडून ठेवली जात आणि ईस्टरला ती रंगवून वाटली जात, म्हणून उकडलेल्या अंड्यांचा साठा संपवण्याची गरज वसंतात दर घरी उभी राही. पुढे उपवासाचे नियम सैल झाले, तेव्हा मांसाची जागा अंड्याने घेतली. शुक्रवारच्या ताटात रस्सा तोच राहिला आणि त्यातला मांसाचा तुकडा गेला. अंडे तिथे सजावट म्हणून आले नाही, जेवणाचा कणा म्हणून आले, आणि हा फरक आजच्या भोजनगृहांतील शोभिवंत थाळ्या पाहताना सहज विसरला जातो.

याच न्यायाने अटलांटिकपलीकडच्या लुइझियानात गंबोमध्ये अंडे आले. गंबो म्हणजे तेलात किंवा चरबीत मैदा गडद तपकिरी होईपर्यंत परतून, त्यावर कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घालून, भेंडीने किंवा सॅसाफ्रास झाडाच्या पानांच्या भुकटीने दाट केलेला आणि भातावर वाढलेला रस्सा. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकादीतून ब्रिटिशांनी १७५५ पासून हाकलून दिलेले फ्रेंच भाषक कॅथलिक लोक १७६० च्या दशकात तेथे येऊ लागले आणि त्यांचेच वंशज पुढे केजन म्हणून ओळखले गेले. त्यांच्याही आधी, १७२१ पासून, जॉन लॉ यांच्या कंपनीने आणलेले ऱ्हाइनलँड, अल्सास, लोरेन आणि आसपासच्या मुलखांतील जर्मन शेतकरी न्यू ऑर्लिअन्सच्या वर, मिसिसिपीच्या काठी वसले होते आणि त्या भागाला ‘जर्मन किनारा’ हे नाव पडले. लुइझियानाच्या नैर्ऋत्येकडील केजन घरांत कोळंबीच्या गंबोत उकडलेली किंवा सरळ फोडून सोडलेली अंडी घालतात, विशेषतः ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारी. न्यू ऑर्लिअन्सकडे मात्र ही रीत क्वचितच दिसते. जर्मन वसाहतकऱ्यांनी ती तेथे नेली, असे म्हणायला आधार नाही. दाट रस्सा, मांस वर्ज्य असलेला दिवस आणि दारातली कोंबडी ही तीन कारणे एकत्र आली की एकच उपाय दोन खंडांत स्वतंत्रपणे सुचू शकतो. मराठी मुलखातही तेच घडले आहे. कोकणात ओल्या नारळाच्या वाटणाच्या कालवणात, देशावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या रश्श्यात, काही घरे अंडी उकडून, चिरा पाडून घालतात आणि काही घरे कढत्या रश्श्यात एकेक अंडे फोडून झाकण ठेवतात. कोणती रीत खरी, यावर सासर-माहेरचे मतभेद पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

दुसऱ्या महायुद्धाने ड्युसेलडॉर्फमधील ही मांडणी विस्कटली. बॉम्बवर्षावाने शहर उद्ध्वस्त झाले होते. १९४६ मध्ये ते नव्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याची राजधानी झाले आणि त्याच हिवाळ्यात अन्नटंचाईने कळस गाठला. शिधापत्रिकेवर अंडे दुर्मीळ होते. त्याच्या जागी अमेरिकी मदतीतून आलेली अंड्याची भुकटी वापरावी लागे, आणि भुकटीचे ना उकडलेले अंडे होते ना फोडलेले. पश्चिम जर्मनीतील शिधावाटप १९५० मध्ये संपले. त्या दरम्यान सायलेशिया, पूर्व प्रशिया आणि पोमेरेनियातून विस्थापित झालेली लाखो जर्मन कुटुंबे या राज्यात आली. त्यांच्यासाठी ड्युसेलडॉर्फमध्ये ‘पूर्वेकडील जर्मनांचे भवन’ उभे राहिले, जे आज सायलेशियन नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांच्या नावाने ओळखले जाते. आंबट अंड्यांची घरे आणि मोहरीतल्या अंड्यांची घरे आता एकाच जिन्यावर राहू लागली. या मिश्रणाचा इतिहास लिहिला जायला हवा होता, कारण निर्वासितांचे राजकारण, निवृत्तिवेतन आणि संघटना यांची कागदपत्रे ग्रंथालयांत आहेत, परंतु सायलेशियातून आलेल्या बाईने मोस्टर्टची बरणी पहिल्यांदा विकत घेतली तेव्हा तिच्या रश्श्यात काय बदलले, याची नोंद तिच्या नातवंडांच्या वहीतच असली तर असेल.

शहराच्या या कथेत १९५० च्या दशकापासून जपानी व्यापारी कंपन्यांमुळे तिसरी रीत दाखल झाली. जर्मनीतील सर्वांत मोठी जपानी वस्ती ड्युसेलडॉर्फमध्ये आहे. १९७१ पासून तेथे जपानी शाळा आहे, आणि इम्मरमानश्ट्रास या रस्त्यावरील रामेनच्या दुकानांपुढे जर्मन गिऱ्हाईकही रांग लावते. रामेन म्हणजे गव्हाच्या शेवयांचा रस्सा. त्यातले अंडे आधी पिवळे अर्धवट राहील इतकेच उकडतात, सोलून सोया सॉस आणि मिरिन या गोड तांदूळ-मद्याच्या मिश्रणात मुरत ठेवतात, आणि वाढताना कापून रश्श्यावर ठेवतात. म्हणजे ते रश्श्यात शिजतही नाही आणि रश्श्याची चवही घेत नाही, आपली चव सोबत घेऊन येते. खारवण्याची कल्पना ऱ्हाइनकाठाला अपरिचित नव्हती. जर्मन मद्यालयांच्या काउंटरवर मिठाच्या पाण्यात मुरवलेली ‘झोलआयर’ ठेवण्याची रीत जुनीच आहे, आणि ती खाताना अंडे कापून पिवळे बाजूला काढतात, पोकळीत तेल, व्हिनेगर आणि मोहरी भरतात, मग पिवळे उलटे झाकून एका घासात तोंडात टाकतात.