नळी, काड्या आणि होशंगाबाद

सायकलच्या दुकानात काळ्या रबराची एक बारीक नळी मिळते. चाकाच्या व्हॉल्व्हवर ती चढवतात. गुरुजी, तिचा वीतभर तुकडा आणि एक आगपेटी आज जवळ ठेवा. या सामानाची हकीकत घडली नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात. आता त्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे.

१९७२ साली तेथल्या सोळा शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सरकारच्या परवानगीने विज्ञान शिकवण्याचा वेगळा प्रयोग मांडला. व्याख्या घोकायची नाही. मुलांनी टोळी करून प्रयोग करायचा, दिसेल ते वहीत लिहायचे, पटले नाही तर वाद घालायचा! मोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ गावच्या शिक्षकांशेजारी मांडी घालून बसले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला. परीक्षेलासुद्धा पुस्तक उघडून बसायची मुभा होती. नुसते ऐकूनच आपल्यापैकी काहींना घाम फुटेल.

त्याच वर्षी पुण्याच्या ट्रक-कारखान्यातून वर्षाची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनियर तिकडे गेले. आठवडी बाजारात रस्त्याकडेला जे जे विकायला होते, त्यातला एकेक नमुना त्यांनी विकत घेतला. त्यात ही नळी होती.

आता करूनच बघा. नळीचे पेराएवढे तुकडे कापा. काड्यांचा गूल आधी खरवडून टाका, मुलांशी गाठ आहे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की सांधा झाला, आणि तो वाकतोही. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन. चौकोनाला बोट लावा, तो कलंडून शंकरपाळ्यासारखा होतो. त्रिकोण जागचा हलत नाही. का बरे? तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. चौकोनाच्या बाजू ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात.

मग मुलांना बाहेर न्या. छपराची कैची, रेल्वेचा पूल, विजेचा मनोरा दाखवा. मी इतिहासाचा माणूस. ‘त्रिकोण दृढ असतो’ हे वाक्य शाळेत पाठ केले होते. आमच्या गोठ्याचे फाटक लोंबायचे, सुताराने त्याला तिरपी फळी ठोकली, तेही पाहिले होते. दोन्हींचा संबंध लागला तो चाळिशीत, काड्या हातात घेतल्यावर.

१९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने हे काम सांभाळले. ते पंधरा जिल्ह्यांत पसरले, आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ते बंद केले. शाळांत नेहमीचे पुस्तक परत आले. गुप्तांची खेळणी मात्र टिकली. पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी २००३ ते २०१४ मुलांसाठी काम केले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते नळी आणि काड्या कधीच महाग नव्हत्या. महाग होत्या त्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठका, आणि मुलाला चुकायला दिलेला वेळ. खेळण्यांचे प्रदर्शन कोणीही भरवील, तासिका मोकळी कोण ठेवणार?

असो. नळीच्या तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडले की तिसरी काडीही बसते. सहा काड्यांचा चतुष्फलक करा आणि बारा काड्यांचा घन करा. यांतला कोणता डगमगतो, ते मी सांगत नाही.