कोंबडीचा वाली कोण?

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे लोहमार्गाच्या कडेने एकमेकांना चिकटून वाढली. तिथल्या जुन्या गावठाणांत, पाड्यांवर आणि चाळींमागच्या मोकळ्या जागेत आजही कोंबड्या पाळल्या जातात, आणि शेजाऱ्याच्या मोकाट कुत्र्याने त्या मारल्या म्हणून भांडणेही होतात. असे भांडण ऐकणारे लोक बहुधा हसण्यावारी नेतात, नाहीतर त्याचे खापर कुत्र्याच्या जातीवर किंवा शेजाऱ्याच्या बेपर्वाईवर फोडतात. माझ्या मते त्याचे मूळ अधिक जुने आहे. गेल्या दीडशे वर्षांत झालेल्या कायद्यांनी माणसाचे शरीर, सार्वजनिक रस्ता आणि मोठी जनावरे यांची काळजी वाहिली. परसातल्या कोंबडीची वाहिली नाही. ही उणीव गावकी आपल्या परीने भरून काढत होती. गावांची शहरे झाली तेव्हा गावकी मोडली आणि उणीव मात्र तशीच राहिली. आजच्या भांडणांची तड लागत नाही ती यामुळे.

आधी कोंबडीचे अर्थकारण पाहिले पाहिजे. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या खोऱ्यात आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांची वस्ती जुनी. शेती मुख्यतः भाताची, पावसावरची. पीक वर्षाकाठी एकदा हाती येणार. मधल्या काळात मीठमिरचीला लागणारा रोकडा पैसा कोंबडीतून उभा राही, आणि तो बहुतेक घरांत बाईच्या हातातला पैसा असे. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची, पिले मोठी करायची आणि गटारीला, देवाच्या राखणीला, पाहुण्यांसाठी किंवा बाजाराच्या दिवशी गरजेपुरती काढायची. हा व्यवहार परवडत होता तो एकाच कारणाने: खाद्य विकत आणावे लागत नसे. गावरान कोंबडी दिवसभर परड्यात, खळ्यावर, उकिरड्यावर स्वतःचे पोट भरते. तिला चोवीस तास जाळीत ठेवायचे तर दाणा विकत घ्यावा लागतो, आणि मग दोन-चार कोंबड्यांचा धंदा तोट्यात जातो. म्हणून रीत अशी होती की तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली डालायच्या किंवा खुराड्यात कोंडायच्या आणि उजाडल्यावर सोडायच्या. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांच्यापासून रात्रीची राखण करणे हे पाळणाऱ्याचे काम. दिवसा मात्र कोंबडी मोकळी असणार हे सगळ्या आळीने गृहीत धरलेले असे.

कुत्राही मोकळाच असे. गावातला कुत्रा एका घरी भाकरतुकडा खाई, पण राखण साऱ्या आळीची करी. तो कोणाचा, हे कागदावर नसले तरी लोकांना ठाऊक असे. कोंबडीला चटावलेला कुत्रा कोणता, हेही ठाऊक असे. त्यामुळे कोंबडी गेली की वाद पंचांपुढे किंवा चार वडीलधाऱ्यांपुढे जाई. कुत्रा ओळखीचा, त्याचे घर ओळखीचे आणि कोंबडीची किंमतही सर्वांना माहीत. निवाडा तोंडी होई आणि नुकसान भरून देण्याचा दबाव शेजारपाजारच टाकी. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. दुबळ्या घराची तक्रार सबळ घराविरुद्ध तिथे किती टिकत असेल, हे सांगायला नको. पण दाद मागायला जागा होती, आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर होती.

लिखित कायद्यात मात्र ही जागा कधीच नव्हती. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 428 दुसऱ्याचे जनावर हेतुपुरस्सर मारण्याला शिक्षा सांगत होते, पण त्या जनावराची किंमत दहा रुपये किंवा अधिक असावी लागे. त्या काळी दहा रुपयांची कोंबडी कोणाच्या अंगणात असणे शक्यच नव्हते. कलम 289 जनावर सांभाळण्यातल्या हयगयीबद्दल होते. तेही माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असेल तरच लागू पडे. मग आला 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. गावोगावच्या कोंडवाड्यांचा कारभार याच कायद्यावर चालला. ‘गुरे’ या सदरात त्याने हत्ती, उंट, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी अशी लांबलचक यादी घातली. तीत कुत्रा नाही आणि कोंबडीही नाही. दुसऱ्याच्या शेतात घुसलेल्या शेळीला कोंडवाडा होता; दुसऱ्याच्या परड्यात घुसलेल्या कुत्र्याला नव्हता. या कायद्यांचा भर पिके, महसूल आणि मोठे पशुधन यांवर होता. परसातली कोंबडी त्या हिशेबात कुठे बसतच नव्हती.

कुत्र्याकडे सरकारचे लक्ष गेले ते शहरामुळे. मुंबईत 1813 पासूनच्या नियमानुसार उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारले जात आणि त्याबद्दल बक्षीस मिळे. 1832 च्या जून महिन्यात याच प्रश्नावर पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि फोर्ट भागात दंगल झाली. सरकारची चिंता होती माणसांना होणाऱ्या उपद्रवाची आणि पिसाळलेल्या कुत्र्यांची. विरोधकांची भूमिका धर्मभावनेची आणि भूतदयेची. त्या वादात दोन्ही बाजू कुत्र्याविषयी बोलत होत्या, कोंबडीविषयी कोणीच नाही. तीच चाकोरी पुढे कायम राहिली. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याने मोकाट कुत्र्यांबाबत जाहीरनामा काढण्याचा अधिकार दिला, आणि बिथरलेला कुत्रा मुसक्या न बांधता मोकळा सोडणे किंवा कुत्रा दुसऱ्या जनावराच्या अंगावर घालणे यांना मनाई केली. पण ही मनाई रस्ता आणि सार्वजनिक जागा यांपुरती होती. खाजगी परडे त्यात येत नाही, आणि कोंबड्या नेमक्या तिथेच मरतात.

कायदाच असा असतो, त्याला कोंबडीसारख्या क्षुल्लक गोष्टीत शिरता येत नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी आपल्याला हे कायदे दिले त्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात वेगळी वाट धरली. जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वानुसार कुत्र्याच्या मालकाला जबाबदार धरायचे तर कुत्र्याची खोड त्याला आधीपासून माहीत होती, हे सिद्ध करावे लागे. 1865 च्या कायद्याने गुरेमेंढ्यांच्या बाबतीत ही अट काढून टाकली. 1906 च्या कायद्याने घोडे, शेळ्या, डुकरे यांनाही ते संरक्षण दिले, आणि 1928 च्या दुरुस्तीने त्यात कोंबड्या-बदकेही आली. 1971 च्या कायद्यात हेच तत्त्व पुन्हा नोंदवले गेले: कुत्र्याने दुसऱ्याचे पशुधन मारले तर कुत्रा पाळणारा भरपाई देईल, आणि पशुधनात कुक्कुट धरले जातील. 1928 मध्ये मुंबई इलाख्यावर राज्य त्याच संसदेचे होते, पण ही सुधारणा इथल्या परड्यांपर्यंत आली नाही. दोष विषयाच्या क्षुल्लकपणात नव्हता. तिथल्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे संसदेत मांडणारे लोक होते, इथल्या कोंबडीवालीचे नव्हते.

गावकी टिकून होती तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात तर न्यायपंचायतींची तरतूद होती आणि लहान रकमांचे दावे गावातच ऐकण्याचा अधिकार त्यांना होता. या न्यायपंचायती पुढे रद्द झाल्या. दरम्यान आपली तीन गावेही बदलत होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. सगळे हरवून आलेल्या माणसांनी बराकींच्या खोल्यांत संसार आणि कारखाने एकत्रच उभे केले. अंगण कोणाचे कुठे संपते, हे तिथे पहिल्यापासून अस्पष्ट होते. 2006 साली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी उल्हासनगरपुरता वेगळा कायदा करावा लागला, यावरून या अस्पष्टतेची कल्पना यावी. अंबरनाथ आगपेट्यांच्या आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांनी वाढले. बदलापूर सर्वांत उशिरा आणि सर्वांत वेगाने वाढले: 2001 मध्ये लाखाच्या आत असलेली वस्ती 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. कात्रप, बेलवली, मांजर्ली, मोरिवली, जावसई, चिखलोली ही गावे शहराच्या पोटात आली. परडी उरली, पण शेजार बदलला. नव्या इमारतीतल्या कुटुंबाला जुन्या आळीची रीत माहीत नाही, आणि आळीला त्या कुटुंबाचे नावही माहीत नाही.

गावकीच्या जागी नगरपालिका आली. तिच्याकडे कुत्र्यांसंबंधी एक हत्यार फार पूर्वीपासून होते. 1901 च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात पालिकेच्या हद्दीत पाळलेल्या कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा होती, आणि नंतरच्या नगरपालिका व महानगरपालिका कायद्यांतही ती चालू राहिली. पण कराचे हे कलम उत्पन्नाच्या साधनांत मोजले गेले, जबाबदारीच्या साधनांत नाही. कुत्र्याची नोंद झाली की तो कोणाचा हे ठरते, आणि कोणाचा हे ठरले की भरपाई कोणी द्यायची हेही ठरते. हा धागा कोणी जोडलाच नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की ज्याच्या कोंबड्या त्याने त्या जाळीत ठेवाव्यात. यात अर्धे सत्य आहे. रात्री कोंबड्या न डालणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. जुनी रीतही ती घेत नव्हती. शेजाऱ्याच्या वाफ्यातले बी उकरणाऱ्या कोंबडीच्या मालकानेही आपली चूक मान्य केली पाहिजे. पण दिवसाढवळ्या स्वतःच्या कुंपणाच्या आत असलेली कोंबडी मारली जाते तेव्हा हद्द ओलांडलेली असते ती कुत्र्याने. ज्याचे जनावर हद्द ओलांडते त्याने भरून द्यावे, हे तत्त्व गुरांच्या बाबतीत 1871 पासून मान्य आहे. कुत्र्याला त्यातून सूट देण्याचे कारण कोणी सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बहुतेक कुत्रे बेवारस असतात, मग मालकाच्या जबाबदारीला अर्थ काय? हॉटेले, मटणाची दुकाने आणि उघडा कचरा यांवर जगणाऱ्या टोळ्या या शहरांत आहेत, हे खरेच. पण रोज पाव घालणारे, गळ्यात पट्टा बांधणारे आणि तक्रार आली की ‘आमचा नाही’ म्हणणारेही आहेत. नोंदणी सक्तीची झाली तरच पाळलेला आणि बेवारस यांतला फरक दिसेल. जो खरोखर बेवारस आहे त्याची जबाबदारी पालिकेवर येते, कारण त्याला जगवणारा कचरा उचलणे हे तिचेच काम आहे. बिबट्याने शेळी मारली तर वन विभाग पंचनामा करून भरपाई देतो. रानातल्या जनावराच्या बाबतीत जे शक्य आहे ते शहरातल्या कुत्र्याच्या बाबतीत अशक्य कसे?

तिसरा मार्ग काही लोक बोलून दाखवतात, काही न बोलता करतात: कुत्र्याला विष घालणे. इतिहास या मार्गाच्या विरुद्ध साक्ष देतो. मुंबईत 1813 पासून कुत्रे मारले जात होते. जवळजवळ दोन शतकांनी, 1994 मध्ये, महापालिकेने ते थांबवले तेव्हा कुत्र्यांचा प्रश्न संपलेला नव्हता. 2001 चे आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रा त्याच्याच भागात परत सोडायला सांगतात. पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही जबाबदारी ते मालकावर टाकतात. मेलेल्या कोंबडीविषयी मात्र हेही नियम बोलत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावराच्या किमतीची अट उरलेली नाही आणि विष घालून मारण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे संतापाच्या भरात विष घालणारा कोंबडीवाला तुरुंगात जाऊ शकतो, आणि कुत्रा मोकाट सोडणारा घरी बसतो. विषाचे समर्थन करता येणार नाही. पण दाद मागायची सरळ वाट बंद असली की माणसे आडवाटेला लागतात, याचीही नोंद घ्यायला हवी.

शहरात कोंबड्या हव्यातच कशाला, असाही प्रश्न येतो. उत्तर साधे आहे. गावे शहरात आली, शहर गावात विचारून आले नाही. गावठाणातल्या बाईचे अंड्यांचे दोन पैसे कोणत्याही विकास आराखड्याने भरून दिलेले नाहीत.

उपाय मोठा नाही. उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपालिकांनी पाळीव कुत्र्यांची नोंदणी करमुक्त पण सक्तीची करावी. परसातल्या पक्ष्याची भरपाई प्रभाग कार्यालयातच, साध्या पंचनाम्यावर, ठरलेल्या दराने मिळावी. दिवसा कुंपणाच्या आत कोंबडी मेली तर कुत्र्याच्या मालकाने द्यावे, मालक नसेल तर पालिकेने; रात्री खुराड्याबाहेर मेली तर कोणी देऊ नये. ही वाटणी जुन्या रीतीतलीच आहे. विधिमंडळाने 1871 च्या त्या यादीतून सुटलेल्या कुत्र्याचा आणि कोंबडीचा एकदा विचार करावा. इंग्लंडच्या संसदेला तो 1928 साली सुचला होता. आपल्याला आणखी उशीर करण्याचे काही कारण नाही.